आठ जणांच्या बैठकीपासून गावोगावच्या नोंदवहीपर्यंत
बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची वाटचाल

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ जमले. दर महिन्याला भेटायचे, कोणी काय पाहिले ते एकमेकांना सांगायचे, हाती लागलेला एखादा नमुना दाखवायचा, एवढाच त्यांचा बेत होता. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडी रुळलेले तिचे नाव म्हणजे बीएनएचएस. २०२३ मध्ये संस्थेने १४० वर्षे पूर्ण केली आणि आता शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाकडे तिची वाटचाल सुरू आहे.

या वाटचालीचा इतिहास अनेक अंगांनी सांगता येईल. संग्रहातील लाखाहून अधिक नमुने, पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवणारी पुस्तके, अभयारण्यांसाठी केलेला पाठपुरावा, यातील प्रत्येक विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे भर दिला आहे तो एका प्रश्नावर: रानात जाऊन अभ्यास करायचा कोणी? १८८३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मूठभर माणसांपुरते होते. ते वर्तुळ जसजसे रुंदावत गेले, तसतसे संस्थेचे शास्त्रही पक्के होत गेले.

१८८३ ते १९००: आठ संस्थापक

आठांपैकी सहा जण युरोपीय होते: डॉ. मॅक्डोनल्ड, ई. एच. एटकेन, कर्नल स्विन्हो, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन आणि डॉ. मॅकोनाची. उरलेले दोघे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉक्टर. वनस्पती हा त्यांचा खास विषय आणि मुंबईतील औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. संस्था निघाल्यानंतर दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, त्यांचे निधन झाले. परक्या सत्तेच्या काळात निघालेल्या या संस्थेच्या पायाभरणीत दोन मराठी डॉक्टरांचा हात होता, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

संस्थेला स्वतःची जागा नव्हती. हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने जानेवारी १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील एक खोली बैठकांसाठी दिली. पुढे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला हलले. १८८६ पासून फिप्सन मानद सचिव झाले आणि वीस वर्षे त्यांनी ते काम निष्ठेने केले. १८९४ मध्ये कारवारहून भेट म्हणून आलेला एक धनेश याच जागेत वाढला. ‘विल्यम’ नावाने सर्वांचा लाडका झालेला हा पक्षी १९२० पर्यंत जगला आणि धनेश संस्थेचे बोधचिन्ह होऊन बसला.

या काळातील एक नाते संस्थेच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झालेल्या रखमाबाई या सखाराम अर्जुनांच्या सावत्र कन्या. त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी बळ देणाऱ्यांत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची अग्रभागी होत्या आणि याच पीचीबाईंचा विवाह १८८९ मध्ये फिप्सन यांच्याशी झाला. भारतातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावेत यासाठी निधी उभारण्यात फिप्सन स्वतः पुढे होते. संस्थेच्या एका संस्थापकाच्या आणि एका सचिवाच्या घरात स्त्रीशिक्षणाचा आग्रह असा जिवंत होता. संस्थेच्या टेबलाभोवती मात्र पुरुषांच्याच खुर्च्या होत्या आणि त्या चित्रात बदल व्हायला पुष्कळ काळ जावा लागला.

जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे जर्नल सुरू झाले. पहिले संपादक एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा, नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यातली, त्यामुळे आपला मुलूख त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. मोठ्या शोधनिबंधांबरोबर जर्नलमध्ये ‘मिसलेनियस नोट्स’ हे छोट्या टिपणांचे सदर आले आणि संस्थेची खरी ताकद या सदरात होती. चहामळ्यावरचा व्यवस्थापक, जंगलखात्याचा अधिकारी, छावणीतला डॉक्टर, ज्याला जे दिसले ते त्याने लिहून धाडावे. विद्यापीठाची पदवी कोणी विचारत नसे. इंग्रजी मात्र यावे लागे. ज्यांना रानाची सर्वात जास्त माहिती होती, त्यांच्यातील बहुतेक जण या एका अटीमुळे दाराबाहेर राहिले.

१९०१ ते १९३०: चिमणी, खानदेश आणि किहीम

फिप्सन यांच्यानंतर डब्ल्यू. एस. मिलार्ड सचिव झाले. १९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांचा एक मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन त्यांच्याकडे आला. मिलार्डनी पक्षी तर ओळखून दिलाच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा सालिम अली. ही हकीकत अनेकदा सांगितली जाते ती सालिम अलींच्या थोरवीसाठी. संस्थेच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. अनोळखी मुलासाठी साहेबाने वेळ काढला. त्या वेळी मिलार्डनी त्याला वाटेला लावले असते तर भारतीय पक्षिशास्त्राचे किती नुकसान झाले असते, याचा अंदाजही करवत नाही.

१९११ मध्ये संस्थेने सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. ते लोकवर्गणीवर उभे होते आणि पहिले काम झाले ते खानदेशात, सी. ए. क्रम्प यांच्या हातून. १९२३ पर्यंत चाललेल्या या मोहिमेने भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधील प्राण्यांची पहिली शिस्तशीर मोजदाद दिली. शॉर्टरिज, बाप्टिस्टा, प्रेटर अशी संग्राहकांची नावे अहवालांत आहेत. पण ज्या माणसांनी पाणवठे दाखवले, सापळे लावले, मागावर नेले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कातडी सोलली, त्यांची नावे क्वचितच छापली गेली. त्या काळाची रीतच तशी होती. आज हा इतिहास लिहिताना त्या नाव नसलेल्या हातांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही.

१९२३ मध्ये एस. एच. प्रेटर संस्थेचे क्युरेटर झाले. निलगिरीत जन्मलेला हा अँग्लो-इंडियन निसर्गवेडा माणूस पुढे संविधान सभेचाही सदस्य झाला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील निसर्गविभाग याच काळात उभा राहिला आणि आधी साहेबांच्या बैठकीत फिरणारे नमुने काचेआड, सर्वसामान्य मुंबईकरांसमोर आले. त्या विभागात सालिम अलींना १९२६ मध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. प्राणिशास्त्राची औपचारिक पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे धडे घेतले आणि परतल्यावर अलिबागजवळ किहीमला मुक्काम ठोकला.

किहीमच्या एका झाडावर सुगरणींची वसाहत होती. सालिम अलींनी शिडी लावून तिच्याशेजारी बसायला जागा केली आणि महिनोन्महिने एकेका घरट्याची नोंद ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर आत राहते आणि मग नर तेच घरटे पुरे करून लगेच दुसरे विणायला घेतो, हा सुगरणींचा संसार त्यांनी १९३१ मध्ये जर्नलमध्ये मांडला. पक्षी मारून मोजमाप घेण्याच्या जमान्यात जिवंत पक्ष्याच्या वागण्यावरचा हा अभ्यास नवी वाट दाखवणारा होता. त्यासाठी लागला तो वेळ, वही आणि चिकाटी. बंदूक आणि सरकारी हुद्दा यांवाचूनही उत्तम शास्त्र होते, हे कोकणातल्या एका झाडाने सिद्ध केले.

१९३१ ते १९५०: संस्थानांतील सर्वेक्षणे

हैदराबादपासून सुरुवात करून सालिम अलींनी एकेका संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण केले. मानधन बहुधा नसेच, संस्थानाने प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यायचा. या भटकंतीत त्यांच्या पत्नी तेहमिना बरोबर असत. तंबूतला संसार, सामानाची बांधाबांध, नोंदी आणि लेखनावरचा हात हे सगळे त्यांनी सांभाळले. १९३९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. सर्वेक्षणांच्या शीर्षकांत त्यांचे नाव नाही. पण सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्रात तेहमिनांचे ऋण मनापासून नोंदवले आहे.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघाले, १९४८ मध्ये प्रेटर यांचे भारतीय प्राण्यांवरचे पुस्तक. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा यांमुळे शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, कॉलेजातली मुलगी, कोणालाही रविवारी सकाळी बाहेर पडून पक्षी ओळखता येऊ लागले. स्वातंत्र्याबरोबर बरेच युरोपीय सदस्य मायदेशी परतले आणि संस्थेची घडी नव्याने बसवावी लागली. पैशांची चणचण होती, मतांतरे होती. पण सर्वांनी मिळून संस्था तगवली. हुमायून अब्दुलअली यांनी या काळात मोलाचे काम केले. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यपशू आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. बेडूक शेतातली कीड खातात, म्हणून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबवा, असा धोशाही त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावला. त्या निर्यातीवर १९८७ मध्ये बंदी आली.

पन्नास आणि साठचे दशक: कड्या, फासे आणि विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाने संस्थेला संशोधनाचे केंद्र म्हणून मान्यता दिली आणि पक्ष्यांवर काम करून पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय झाली. ज्या सालिम अलींकडे स्वतःची पदवी नव्हती, ते आता इतरांना पदवीसाठी मार्गदर्शन करू लागले. व्ही. सी. आंबेडकर यांनी कुमाऊंच्या तराईत सुगरणींवर केलेले काम या पहिल्या फळीतले. ज्यांना वडिलार्जित पैशावर किंवा सरकारी दौऱ्यावर रानात जाणे शक्य नव्हते, अशा मध्यमवर्गीय घरांतील तरुणांना विद्यावेतनावर क्षेत्र अभ्यास करणे यानंतर जमू लागले. संस्थेच्या इतिहासातील हे वळण दिसायला साधे, पण फार दूरवर परिणाम करणारे होते.

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षी स्थलांतराचा प्रकल्प सुरू झाला. दोनच वर्षांपूर्वी कर्नाटकात क्यासनूर जंगलातला ताप आढळला होता. त्याचा विषाणू वाहणाऱ्या गोचिड्या स्थलांतरी पक्ष्यांबरोबर दुरून येतात का, हे तपासायचे होते. त्यासाठी हजारो पक्षी इजा न करता पकडून, पायात कडी चढवून पुन्हा सोडायला हवे होते. हे करणार कोण?

इथे संस्थेला बिहारमधल्या मीरशिकार समाजाची मदत झाली. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणे हा या लोकांचा धंदा. त्यांच्यातील अली हुसेन यांचे कसब पाहणारे थक्क होत. बांबूच्या बारीक कांड्या एकमेकींत सरकवत उंच करायच्या आणि टोकाच्या चिकट लाशाने फांदीवरचा पक्षी हळूच टिपायचा. चिखलपक्ष्यांसाठी पद्धत वेगळी. दलदलीत बारीक फाशांची रांग रोवायची आणि मग थव्याच्या मागून, लांबून, इतक्या संथ चालीने यायचे की पक्ष्यांना उडावेसे वाटू नये. ते आपले टुकुटुकु पुढे चालत राहतात आणि नेमके फाशांत पाय घालतात. कोणता पक्षी किती अंतरावर बिथरतो, वारा कुठून असला म्हणजे थवा कुठे वळतो, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ज्या हातांनी पक्षी बाजारात जात, त्याच हातांनी आता ते कडी घालून आभाळात सोडले आणि त्या कामाचा पगार घरी नेला. भारतातील पक्षी स्थलांतराविषयी जे काही ठाऊक झाले, त्याचा फार मोठा भाग या माणसांच्या बोटांतून आला आहे. त्यांना नुसते ‘मदतनीस’ म्हणणे अपुरे आहे, ते या शास्त्राचे जाणकार होते.

कडीवर इंग्रजीत मजकूर असे: बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. सायबेरियातल्या शिकाऱ्यापासून आपल्याकडच्या कोळ्यापर्यंत, ज्याच्या हाती कडीवाला पक्षी लागला आणि ज्याने पत्र टाकले, तो नकळत या अभ्यासात सामील झाला.

याच काळात छोटा नागपूरच्या रानात जमाल आरा नावाची एक स्त्री एकटीने पक्ष्यांच्या नोंदी करत होती. शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे, पण निरीक्षण काटेकोर. बिहारच्या वन्यजीवांवरचे त्यांचे लेख संस्थेच्या जर्नलमध्ये आणि अन्यत्र प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने मुलांसाठी त्यांचे पक्षिनिरीक्षणावरचे पुस्तक काढले. छोट्या टिपणांना जागा देण्याची जर्नलची जुनी सवय अशा वेळी कामी आली. १९६५ मध्ये केंद्र सरकारच्या मदतीने लायन गेटसमोर ‘हॉर्नबिल हाऊस’ उभे राहिले आणि संस्थेला हक्काचे छप्पर मिळाले.

सत्तर आणि ऐंशीचे दशक: भरतपूरच्या म्हशी, कडप्पाची रात्र

सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या पक्ष्यांवरील दहा खंडांच्या ‘हँडबुक’चा शेवटचा खंड १९७४ मध्ये आला. १९७६ मध्ये ‘हॉर्नबिल’ हे सर्वांसाठीचे नियतकालिक निघाले. संस्थेची सूत्रे सांभाळणाऱ्या जे. सी. डॅनियल यांच्या कारकिर्दीत संस्थेचे काम माळढोक, हत्ती, पाणथळी असे देशभर पसरले. बेळगावचे अजय देसाई हत्तींच्या अभ्यासात नावारूपाला आले ते याच काळात. प्रिया दविदार यांनी निलगिरीत बांडगुळे आणि त्यांच्या फुलांवर येणारे फुलटोचे व शिंजीर यांचे नाते अभ्यासून सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. एकट्या मुलीने जंगलात राहून संशोधन करणे घरीदारी कोणालाच रुचत नसे, असा तो काळ. त्यांच्यासारख्या विद्यार्थिनींनी पुढच्या मुलींची वाट मोकळी केली.

भरतपूरचा अभ्यास ही या दशकांतील सर्वात शिकवणारी गोष्ट. केवलादेव घना १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे गुरे चारण्यावर बंदी आली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पाण्यात उतरत होत्या. बंदीविरुद्ध लोक उठले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. गुरे गेली की पाणथळ सुधारेल, असे तेव्हा बहुतेक तज्ज्ञांना वाटत होते. १९८० पासून व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेचा गट तिथे दहा वर्षे मोजमापे घेत होता. त्यांच्या आकड्यांनी उलटेच सांगितले. म्हशी खात होत्या ते गवत आता मोकाट वाढले, उथळ पाण्यावर त्याचा गालिचा पसरला, मासे आणि पाणपक्षी यांना जागा कमी पडू लागली. म्हशी त्या पाणथळीच्या व्यवस्थेचाच एक भाग होत्या. संस्थेने हे निष्कर्ष जसेच्या तसे मांडले. गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली, पण गेलेली माणसे परत आली नाहीत. स्थानिक लोकांना आधी विचारले असते, तर हा धडा इतका महाग पडला नसता.

दुसरी गोष्ट आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यातली. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता, तो नामशेष झाला असेच धरून चालले होते. संस्थेचे संशोधक भारत भूषण त्याचे चित्र घेऊन गावोगाव विचारत हिंडले. लोकांनी पक्षी ओळखला. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्लीजवळ ऐतन्ना नावाच्या स्थानिक पारध्याने तो रात्री बॅटरीच्या उजेडात जिवंत पकडला. नव्वदीला टेकलेले सालिम अली ही वार्ता ऐकून तातडीने तिकडे गेले. धाविक रात्री हिंडणारा पक्षी निघाला. शोधणारे उजेडी शोधत होते आणि ज्याला तो अंधारात भेटत होता, त्याला कोणी विचारले नव्हते. या शोधानंतर तेथे लंकमल्लेश्वर अभयारण्य झाले. सालिम अलींचे निधन त्यानंतर दीड वर्षाने, २० जून १९८७ रोजी झाले.

नव्वदचे दशक: रानपिंगळा आणि रिकामे आकाश

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नंदुरबारमधील शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. १८८४ नंतरची ही पहिली खात्रीची नोंद, म्हणजे ११३ वर्षांनी. पक्षी आहे हे कळले, पण तो राहतो कसा, खातो काय, आणखी कुठे आहे? हे काम संस्थेने घेतले आणि फराह इश्तियाक या तरुण संशोधिकेने सातपुड्यातील विरळ सागवानी जंगले पालथी घातली. दिवसाढवळ्या शिकार करणारे हे छोटे घुबड तोरणमाळ आणि आसपासच्या भागात तिने निरखले, त्याच्या सवयी लिहून काढल्या, अतिक्रमण, वृक्षतोड आणि अंधश्रद्धेपोटी होणारी हत्या हे धोके दाखवून दिले. पुढे मेळघाटातही त्यावर संस्थेच्या गटांनी काम केले. रानपिंगळ्याचे आजचे ज्ञान मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रातील आदिवासी मुलखात, तिथल्या वाटाड्यांच्या सोबतीने मिळालेले आहे.

भरतपूरला संस्थेचे संशोधक विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात शिकारी पक्ष्यांची मोजणी करत होते. दशकभराने त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेली होती. झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी, घरट्याखाली पडलेली मेलेली गिधाडे. १९९९ मध्ये त्यांनी हे जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. मुंबईच्या पारशी समाजालाही, मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या डुंगरवाडीवर गिधाडे येत नसल्याचे जाणवू लागले होते. १९९८ मध्ये देशभरातील पक्षिप्रेमी संस्थांना जोडणारे ‘इंडियन बर्ड कन्झर्व्हेशन नेटवर्क’ उभे राहिले, ते असद रहमानी यांच्या संचालकपदाच्या काळात. गोरेगावच्या चित्रनगरीला लागून असलेल्या संवर्धन शिक्षण केंद्रात शाळेची मुले जंगलवाटेवर चालू लागली तीही याच दशकात.

२००१ ते २०१०: औषधाच्या बाटलीचा माग

गिधाडे का मरतात याचे उत्तर पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाला मिळाले आणि २००४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरात राहते आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभरात एखादे शव जरी असे निघाले तरी गिधाडांची पिढी संपायला ते पुरते, कारण एका शवावर मोठा थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. संस्थेने सरकारदरबारी पुरावे मांडले आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली. हरियाणात पिंजोर, आसामात राणी, बंगालमध्ये राजाभातखावा येथे पैदास केंद्रे उभी राहिली. पिंजोरला विभू प्रकाश आणि निकिता प्रकाश यांनी अनेक वर्षे गिधाडांची निगा राखली.

पण गिधाड वाचते किंवा मरते ते गोठ्यात. माणसांसाठी बनवलेल्या मोठ्या बाटल्यांतून डायक्लोफिनॅक गुरांपर्यंत पोचतच होते. म्हणून कार्यकर्ते औषधांच्या दुकानांत गेले, पशुवैद्यकांशी बोलले, गुरे पाळणाऱ्यांना मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय समजावत हिंडले. ज्याने दुर्बीण कधी डोळ्याला लावली नाही, अशा गोपालकाच्या निर्णयावर एका प्रजातीचे भवितव्य टेकले होते. त्याला उपदेश करून भागणार नव्हते, त्याच्या आजारी गाईचीही काळजी घ्यायला हवी होती. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित झाला आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अॅसेक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

२०११ पासून: डोयांग ते ताडोबा

ऑक्टोबर २०१२ मध्ये नागालँडच्या डोयांग जलाशयावर स्थलांतरी अमूर ससाणे लाखांच्या संख्येने जाळ्यांत मारले जात असल्याचे काही निसर्गअभ्यासकांनी उजेडात आणले. त्यांच्यात शशांक दळवी हे मराठी नावही होते. धरणाने जमिनी बुडालेल्या गावांनी मासेमारीची जाळी आभाळाकडे वळवली होती. संस्थेने बर्डलाइफ या आंतरराष्ट्रीय पक्षिसंवर्धन संस्थेच्या साथीने नागालँडमधील संस्थांना पाठबळ दिले, मुलांची मंडळे निघाली. पांगटी आणि शेजारच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी स्वतः ठराव केले आणि २०१३ च्या हंगामात शिकार थांबली. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात इतक्या कमी वेळात इतका मोठा बदल फार थोड्या ठिकाणी झाला आहे, आणि तो घडवला गावाने.

मुंबईत शिवडीच्या धक्क्यावर संस्थेने भरवलेल्या रोहित (फ्लेमिंगो) महोत्सवांत गोदी कामगार, आजूबाजूच्या वस्त्यांतील मुले आणि लोकलने आलेली कुटुंबे दुर्बिणीपुढे रांगा लावत. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. त्याच खाडीतल्या रोहितांच्या पायात संस्थेच्या कड्या आणि पाठीवर उपग्रह टॅग आहेत. पिंजोरमध्ये वाढलेली गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्र वनविभागाच्या सहकार्याने ताडोबा आणि पेंच येथे आणून टॅगसह मोकळी करण्यात आली. त्यांचा माग ठेवताना गावकऱ्यांच्या फोनवर विसंबावे लागते, कारण गिधाड शेतात उतरले की ते आधी त्यांनाच दिसते.

रानातला अभ्यास सर्वांसाठी खुला करण्याचे काम पुरे झालेले नाही. चांगली दुर्बीण अजूनही अनेक घरांच्या महिन्याच्या पगाराएवढी महाग आहे. मुलींना दूरच्या छावणीत पाठवताना घरचे विचारतात ते राहण्याची खोली, स्वच्छतागृह आणि सोबत यांविषयी, आणि हे प्रश्न रास्त आहेत. ज्या वाटाड्याने सहा महिने जंगल दाखवले, त्याचे नाव शोधनिबंधाच्या लेखकांत असावे की आभाराच्या ओळीत, यावर देशभरातील तरुण संशोधक आता उघडपणे बोलू लागले आहेत. १८८३ मध्ये हा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. पाय अधू असलेल्या किंवा दृष्टी कमी असलेल्या अभ्यासकाला आवाजावरून पक्षी नोंदवता येतात, कॅमेऱ्यातून आलेली छायाचित्रे वर्गवार लावता येतात, त्यासाठी छावण्यांची रचना बदलायला हवी. हे काम येत्या दशकाचे आहे आणि अली हुसेन, जमाल आरा, ऐतन्ना यांची परंपरा सांगणाऱ्या संस्थेकडून समाजाची तशी अपेक्षा आहे.

सध्या पक्षिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्र यांचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतील अशा रीतीने चालतात. तामिळनाडूतील पॉइंट कॅलिमियरला हिवाळी हंगामात कड्या घालण्याचे काम सुरू असते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर अशा पाणथळींवर शिक्षक, विद्यार्थी, वनरक्षक आणि मासेमार एकत्र जमतात, तळ्याचे भाग वाटून घेतात आणि दुपारपर्यंत आपापल्या वह्यांतील आकडे एकत्र करून पुढे पाठवतात.